पांढरी फरशी

"मॅडम, पाच मिनिटं तरी उघडा ना." लामिसी पोट धरून उभी होती.

"तपासणी झाली की उघडणारच आहे गं. तोवर घरी जाऊन ये," मुख्याध्यापिका अझारा मॅडम म्हणाल्या आणि किल्लीवरची मूठ त्यांनी घट्ट केली. उत्तर घानातल्या त्या गावात शाळेच्या मुलींसाठी पहिल्यांदाच संडास बांधला होता. तपासणीचे साहेब येईपर्यंत डाग पडू नये म्हणून मॅडम त्याची पांढरी फरशी रोज स्वतः पुसत. स्वतःचं स्वयंपाकघरही त्यांनी इतक्या निगुतीनं कधी पुसलं नसेल.

लामिसीचं घर तासाभराच्या वाटेवर. वर्गात पहिली येणारी ही मुलगी पाळीच्या दिवसांत आधी दोन दिवस घरी राहू लागली, मग आठवडाभर, मग आलीच नाही.

साहेब आले ते वर्ष उलटल्यावर. "फरशी म्हणजे आरसाच की हो! जिल्ह्यात अशी शाळा नाही," म्हणाले, आणि हजेरीपट चाळता चाळता सहज विचारलं, "नववीत मुली तीनच?"

दुसऱ्या दिवशी मॅडम बाजारात गेल्या. लामिसी अंडी विकत होती. त्यांना पाहताच तिनं रिवाजाप्रमाणे गुडघे टेकले.

"उद्यापासून ये. ही किल्ली तुझ्याकडेच ठेव."

लामिसीनं चार मोठी अंडी निवडून मॅडमच्या पिशवीत ठेवली.

"माझं लग्न ठरलंय, मॅडम. त्यांच्या घरी संडास आहे म्हणे. कुलूप नाही त्याला."