न लागलेलं विरजण

"हे घ्या तुमचं करंटं गाडगं!" आमची प्रयोगशाळा झाडणाऱ्या इंदूमावशींनी दुधाचं गाडगं माझ्या टेबलावर आदळलं. "तीन दिवस झाले, दही लागेना. माझ्या विरजणाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं."

दूध टिकावं म्हणून मातीच्या गाडग्यांना आतून लावायचा लेप मी कोळंबीच्या टरफलांपासून करत होते. अल्ट्रासाऊंडच्या यंत्रात दहा मिनिटं ठेवला की तो बारीक होतो आणि जंतू मारतो, असं माझं म्हणणं. सहा महिने जंतू मात्र मजेत होते. सोमवारपासून दुसरा विषय घे, असं सरांनी कालच सांगितलं होतं.

"मावशी, हे कुठलं गाडगं?"

"तुम्हीच दिलंत की! त्या दिवशी यंत्र बंद करायला विसरलात, ते तासभर घूं घूं करत बसलं. लेप वाया गेला म्हणून तो लावलेलं गाडगं फेकत होतात, ते मी नेलं."

दहा मिनिटं नव्हे, तासभर! मी गाडग्यात नाक घातलं. तीन दिवसांच्या दुधाला आंबट वास नव्हता. मी मावशींना मिठीच मारली.

"मावशी, सहा महिने माझ्या उत्साहावर रोज विरजण पडत होतं. आज पहिल्यांदा ते लागलं नाही!"

मावशींनी पदर सावरला. "ते असू दे. तुमची आधीची फसलेली गाडगी आहेत ना? त्यातलं एक द्या. दही झक्क लागेल."