दर रविवारी

टिपॉयवरचा फोन थरथरला आणि शेजारचा स्टीलचा पेला किणकिणायला लागला. अपघातानंतर आईचे हातपाय हलायचेच थांबले होते, म्हणून तिसरीतल्या लेकीनं भरवायचा चमचा वाटीत ठेवला, फोन स्पीकरवर टाकला आणि आईच्या उशीपाशी धरला.

"दिव्यांगांच्या सर्वेक्षणासाठी बोलतेय, ताई. नोकरी करता का काही?"

"हात चालत होते तोवर शिवणकाम करायचे."

"घरी मदतनीस आहे?"

"होती. मागच्या महिन्यात सोडून गेली. दुसरी कुणी मिळेना."

"मग सध्या तुमचं सगळं कोण करतं?"

आईनं लेकीकडे पाहिलं. घरात आता दोघीच होत्या. खरं सांगितलं तर पोरीला आपल्यापासून तोडून कुठल्यातरी वसतिगृहात नेऊन ठेवतील, ही धास्ती काही केल्या तिच्या मनातून जात नव्हती.

"आहे एक नात्यातली," ती म्हणाली.

"वय?"

"अठरा पूर्ण."

लेकीनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं.

"आठवड्याची सुट्टी देता ना तिला?"

"देते की. दर रविवारी."

"नशीबवान आहे बाई. आम्हाला तर तीही नाही," म्हणत पलीकडच्या बाईंनी फोन बंद केला.

लेकीनं आईच्या ओठांची कड पुसली, चमचा पुन्हा उचलला आणि तो तसाच हातात धरून थांबली.



"आई, मग रविवारी तुला कोण गं भरवणार?"