नवऱ्याचं पान

मूल का होत नाही, याची कारणं शोधण्यात आमच्या मोठ्या डॉक्टरांनी बारा वर्षं घातली. निष्कर्ष काय, तर दर तीन जोडप्यांपैकी एकाचं कारण 'अज्ञात'. यावर त्यांना पारितोषिक मिळालं, आणि त्या अज्ञातांच्या फायली कपाटात लावायचं काम मिळालं मला, लॅबमधल्या बाईला.

फायलींवर नावं नव्हती, नुसते नंबर. एकेका बायकोच्या चौदा-चौदा तपासण्या: रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीतून तपासणी, पुन्हा रक्त. नवऱ्याच्या तपासणीचं पान मात्र एकूणएक फायलीत कोरं, खाली नुसती त्याची संमतीची सही.

मी गठ्ठा उचलला आणि तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, यातल्या एकाही नवऱ्याची तपासणी झालेली नाही."

"अहो बाई, पुरुषमाणसाच्या हातात नमुन्याची बाटली द्यायची म्हणजे काय चेष्टा आहे? भांडायला उठतात! आणि चांगल्या धडधाकट माणसाला तपासायचं कशाला?"

"मग कारण अज्ञातच राहणार ना!"

"तेच तर लिहिलंय," डॉक्टर म्हणाले आणि पारितोषिकावरची धूळ रुमालाने पुसू लागले.

परत येऊन मी फायली लावायला घेतल्या. गठ्ठ्याच्या तळाशी सगळ्यात जुनी फाईल होती, नंबर एक. बायकोच्या एकोणीस तपासण्या, नवऱ्याचं पान कोरं.



त्या पानाखालची सही मी झोपेतही ओळखेन. माझ्या रजेच्या प्रत्येक अर्जावर 'नामंजूर'च्या खाली तीच असते.