ओळीतली रिकामी जागा

"कुंपणापाशी," झेरह म्हणाला आणि मोजायची दोरी त्याने खणणाऱ्यांकडे भिरकावली. "तिथे, काट्यांपलीकडे खणा."

तिर्झा जागची हलली नाही. तिच्या नवऱ्याचं, नफ्तालीमास्तरांचं प्रेत सकाळपासून कबरस्तानातल्या न्हाणीत होतं आणि दिवस मावळायच्या आत त्याला माती द्यायची होती. त्सफात गावात मयताचं सगळं झेरह आणि त्याची मंडळी बघत. कुंपणापाशी कोणाला पुरतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्यांचं नाव गावाला पुन्हा काढायचं नसतं, त्यांना.

"ओळीत एक जागा रिकामी आहे," ती म्हणाली.

"आहे ना. माझ्यासाठी राखलेल्या जागेला लागून. तिथे हा माणूस? मेल्यावर तरी मला सुखाने पडू द्या, तिर्झाबाई."

त्यात आज अदार महिन्याची सप्तमी. ज्यूंना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सोडवणारा मोशे ह्याच तिथीला जन्मला आणि ह्याच तिथीला गेला, असं मानतात. म्हणून मयताचं काम करणारे ह्या दिवशी कडक उपास धरतात, आणि वर्षभरात कोणा मयताचा नकळत अपमान झाला असेल तर कबरींपुढे उभं राहून माफी मागतात. झेरहची माफी मागून झाली होती. उपास मात्र डोक्यात गेला होता.

"जन्मभर आमच्या पोरांना इतिहास म्हणून काय शिकवलं त्याने?" तो म्हणाला. "मोशे आपल्या रक्ताचा नव्हताच म्हणे! मिसरच्या फारो राजाच्याच घरात जन्मला म्हणे! आईने पेटीत घालून नदीत सोडलं, ती म्हणे मागाहून रचलेली कहाणी. माझा नातू घरी येऊन मला विचारतो, आजोबा, मोशे मिसरी होता का?"

"मग काय सांगितलंत?"

"कानाखाली वाजवली."

"उत्तर नव्हतं तर."

झेरह काही बोलणार तेवढ्यात न्हाणीच्या दारात ओवाद्या आला. मंडळीतला हा त्यातल्या त्यात मवाळ. बाह्या वर केलेल्या, हात ओले.

"वहिनी, मास्तरांच्या वडिलांचं नाव सांगा. शेवटचं पाणी घालताना नावानिशी माफी मागावी लागते. नफ्ताली, अमक्याचा मुलगा, असं."

तिर्झाने कुठलंही नाव ठोकून दिलं असतं तर कोणी पडताळायला जाणार नव्हतं. पण नफ्तालीने उभ्या आयुष्यात खोटं खपवून घेतलं नव्हतं. त्याच्या शेवटच्या पाण्यात ते कालवायचं तिच्या जिवावर आलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "त्यालाही माहीत नव्हतं. याफाच्या अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडला तो. संत्र्यांच्या खोक्यात."

खणणाऱ्यांची कुदळ थांबली. झेरहला आनंद लपवता येईना.

"म्हणजे मुळात ज्यू तरी होता की नाही, कोणास ठाऊक! मग कुंपणापाशीसुद्धा नाही. कुंपणाबाहेर."

"असं कसं, झेरहभाऊ," ओवाद्या चाचरत म्हणाला. "पोर जपून ठेवलेलं असेल तर त्याला टाकलेलं धरत नाहीत. शास्त्रातच आहे. वहिनी, खोक्यात काही अंथरलेलं होतं का?"

"डांबर फासलेलं होतं का, तेही विचारा!" तिर्झा कडाडली. "मोशेच्या पेटीला होतं ना?"

तिचा आवाज फाटला आणि त्याचा तिला स्वतःलाच राग आला. ती झेरहकडे वळली.

"तुम्हाला वाटलं, त्याला मोशेची अब्रू घ्यायची होती. तो मला म्हणायचा, तिर्झा, मोशे कोणाचा कोण असूनही देव त्याच्याशीच समोरासमोर बोलला असेल, तर खोक्यातल्या पोरालाही ह्या लोकांत जागा आहे. तेवढंच हवं होतं त्याला."

"म्हणजे रक्ताला काही किंमतच नाही?" झेरह ओरडला. "उद्या कोणीही उठावं आणि..."

"आज उपाशी का आहात?"

"काय?"

"पोट कशासाठी मारलंत आज? मोशेला कोणी पुरलं?"

झेरहला हे सांगायची गरज नव्हती. मोशे डोंगरावर एकटा मेला आणि देवाने स्वतःच्या हाताने त्याला माती दिली. मयताचं काम करणारा पहिला देवच. म्हणून तर आजचा उपास ह्या मंडळींचा.

"देवाने तेव्हा बापाचं नाव विचारलं होतं?" तिर्झा म्हणाली.

"अम्राम!" झेरह ताडकन म्हणाला. "मोशेच्या बापाचं नाव अम्राम. लिहिलेलं आहे!"

"बरं. आणि कबर कुठल्या ओळीत आहे, ते?"

ते लिहिलेलं नव्हतं. मोशेची कबर आजवर कोणालाही ठाऊक नाही, एवढंच लिहिलेलं होतं, आणि झेरहला ते तोंडपाठ होतं.

"नाव काय घेऊ?" ओवाद्याने हळूच विचारलं.

"अव्राहामचा मुलगा म्हण," झेरह खेकसला. "ज्याला कोणी नाही त्याचा बाप तोच. जा, पाणी निवतंय."

मग त्याने दोरी काट्यांतून सोडवली, ओळीतल्या रिकाम्या जागेपाशी नेली आणि स्वतःच्या जागेला लागून जमिनीवर ताणून धरली. खणणारे कुदळी घेऊन आले. तिर्झा आभार मानायला पुढे झाली, तर त्याने हात झटकला.

"आभार नकोत," तो म्हणाला. "मी इथे आलो की त्याची खैर नाही."