शिरीषच्या दारात वरात

“नव्वदीतल्या ब्रिटिश रॉकनंतर जगात संगीत झालंच नाही,” मकरंदने जाहीर केलं. समोर बँडमास्तर होता. मकरंदच्या मुलाच्या वरातीत वाजवायचं काय, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

शेवटी त्याच रॉकमधलं एक गाणं ठरलं. ते मकरंदने मुद्दाम शिरीषच्या दारात वाजवायला लावलं. कॉलेजात दोघे ते एकाच गिटारीवर रोज गायचे. मग भांडले, बोलणं तुटलं. या लग्नाची पत्रिकाही शिरीषने परत पाठवली होती.

ट्रंपेटमधून संथ, रडवेले सूर निघाले. नाचणारे थबकले.

“कोण गेलं गं?” नवरदेवाच्या आत्याने हळूच विचारलं.

मकरंद बंद दाराकडे बघत राहिला. गाणं संपत आलं आणि दार उघडलं. बनियनवरच शिरीष बाहेर आला, त्याच गाण्याचे शब्द पुटपुटत. त्याने मकरंदला घट्ट मिठी मारली, बराच वेळ सोडलं नाही.

“मक्या,” नाक ओढत तो म्हणाला, “घोड्याला जरा आवर. माझी जास्वंद खातोय.”