समोरची भिंत

फोटोवाले पर्यटक पुन्हा मार्केलाच्याच पायरीवर चढले, आणि तिच्याच दाराकडे पाठ करून उभे राहिले. बस आली की हे ठरलेलं. समोरच्या आर्गिरोच्या घराची भिंत अख्खी फोटोत मावायला गल्लीत दुसरी जागाच नाही. वरपासून खालपर्यंत काळी-पांढरी नक्षी, त्रिकोण काय, चौकटी काय, चंद्रकोरी काय! मार्केलाच्या घराला नुसता पांढरा चुना. त्याचा फोटो कोण मेला काढतोय?

ती बंद दाराआड कान देऊन उभी होती. आज अथेन्सची मंडळी होती, त्यामुळे गाइड पोरीचा शब्द न् शब्द कळत होता.

"सगळ्या खिओस बेटावर अशी दुसरी भिंत नाही," पोरगी सांगत होती. "काळ्या वाळूच्या ओल्या गिलाव्यावर चुना द्यायचा आणि जेवणाच्या काट्यानं खरवडून खालचा रंग वर आणायचा. इसिदोरस नावाच्या कारागिरानं एकट्यानं केलीय ही. एवढा जीव ओतून कुणी मजुरीसाठी काम करतं का हो? मन जडलेलं असणार ह्या घरच्या बाईवर!"

सगळे हसले. मार्केलाच्या अंगाचा तिळपापड झाला. इसिदोरस तिचा नवरा होता.

एकतीस वर्षं झाली. त्या वसंतात त्यानं आर्गिरोच्या घरापुढे परांची बांधली, ती द्राक्षं उतरेपर्यंत हलवली नाही. एरवी तीन आठवड्यांत घर उरकणारा माणूस! समुद्रावरची वाळू स्वतः गाढवावर लादून आणायचा. शीळ काय घालायचा. आणि आर्गिरो तेव्हा तरणीताठी विधवा, घाऱ्या डोळ्यांची. मार्केलानं पहिल्याच दिवशी माडीवरच्या खिडकीची झडप लावून घेतली. काम पुरं झाल्यावर तो रोज म्हणायला लागला, "खिडकी उघड की गं जरा."

"का? दिवसभर तिच्या दारात उभं राहून तुझं पोट भरलं नाही? आता मी पण ओवाळू तिला?"

तो नुसता हसायचा. तोही हट्टीच. "बरं, उघडशील तेव्हा उघड," म्हणायचा. सोळाव्या दिवशी मळ्यात मस्तकीच्या झाडाखाली डिंक गोळा करताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

रडून झाल्यावर मार्केलानं त्या झडपेला चार खिळे ठोकले. तेव्हापासून तिची ये-जा मागच्या दारानं. पुढे पाऊल टाकायची वेळ आलीच तर मान खाली. हिवाळ्यात गल्लीतल्या बायका उंबऱ्यांवर बसून गप्पा हाणत डिंक निवडायच्या, तेव्हा ही परसात, कोंबड्यांच्या संगतीला. आर्गिरोशी बोलणं ईस्टरपुरतं, तेही ओठातल्या ओठात. गेल्या महिन्यात भूकंपाचा धक्का बसला आणि समोरच्या भिंतीला तडे गेले, तेव्हा तिनं देवळात जाऊन मेणबत्ती लावली. नेहमीपेक्षा जरा मोठीच.

फोटोवाले समुद्रावर पोहायला निघून गेले. थोड्या वेळानं दार वाजलं. दारात आर्गिरो, काठी टेकत, धापा टाकत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"उद्या सकाळी सगळा गिलावा उतरवणार आहेत," ती म्हणाली. "धोक्याचा झालाय म्हणे."

"मग मला कशाला सांगतेस? रडायला सोबत हवी?"

"एकदा बघून घे."

"काय बघू? माझ्या नवऱ्यानं तुझं घर कसं नटवलं ते?"

आर्गिरो पायरीवरच बसली. "माझं नाही गं बाई. तोच आला होता माझ्याकडे. म्हणाला, आर्गिरो, तुझी भिंत दे मला. मार्केला खिडकीत बसून कॉफी पिते आणि समोर बघते तर तुझे हे पोपडे. आमच्या घरावर मी कितीही नक्षी काढली तरी आत बसून तिला ती दिसायची कशी? माझ्याकडून एक दमडी घेतली नाही त्यानं."

मार्केला पक्कड घेऊन माडीवर गेली. खिळे गंजून लाकडात पार बसले होते. ओढता ओढता तळहात सोलला, चौथा खिळा तर तुटलाच. तिनं खांदा लावून झडप ढकलली.

गल्लीतून लोक माना वर करकरून बघायचे. इथून ती भिंत समोरासमोर होती, अगदी हाताच्या अंतरावर. मार्केलाच्या डोळ्यांच्या रेषेत एक पट्टा होता, इतक्या बारीक कामाचा की खालून कुणाला दिसूच नये. पानं, डहाळ्या, त्यांवर बसलेली चिमण्यांची रांग. एका चिमणीच्या अंगावरून भूकंपाचा तडा गेला होता. त्या गल्लीत आजवर आलेल्या एकाही कॅमेऱ्यात ती चिमणी आली नव्हती.

मार्केलाला हुंदका आवरेना. ती खिडकीतून ओणवी झाली आणि खाली ओरडली, "एकतीस वर्षं, आर्गिरो! का नाही सांगितलंस मला?"

आर्गिरोनं पायरीवरूनच मान वर केली. तिचे घारे डोळे भरले होते.

"कशी सांगणार? नवरा मेला तुझा, तरी रोज सकाळी तुझ्यासाठी नटून उभी माझी भिंत. माझा गेला तो एक रेघसुद्धा मागे ठेवून गेला नाही. आणि मी त्याच भिंतीच्या आत, एकटी. वाटायचं, राहू दे मेलीची खिडकी बंदच. जळत होते गं तुझ्यावर."