अमेरिकेच्या मांडीवर

प्रकाशा गावचा नवल १९१४ साली अमेरिकेचा नागरिक झाला. तसं झालंच नव्हतं, असा तिथल्या कोर्टाचा कागद नऊ वर्षांनी आला: गोरा नसल्यानं नागरिकत्व पहिल्यापासून रद्द. सोबत नवलची ओळ, "बाबा, आता घरीच येतो." मास्तरांनी ते ओट्यावर बसून बापाला, गिरधरला, वाचून दाखवलं. पोरानं परक्या देशाची शपथ घेतली म्हणजे दत्तकच गेला, असं समजून त्यानं गूळ वाटला होता. दत्तक गेलेल्याचा हक्क संपतो, म्हणून त्याच्या वाट्याचं वावरही थोरल्याला दिलं होतं. "मास्तर, नऊ वरीस त्यास्ले दिसनं नही का, नवल गोरा नही ते?" थोरल्यानं लगेच हक्क सांगितला, "बाबा, वावर आते मन्हं शे." "लिखा," गिरधर म्हणाला. मास्तरांनी अमेरिकेच्या कोर्टाला लिहिलं: "आमच्यात दत्तक मोडता येत नाही, तरी सदर मुलास, वय अडतीस, पुन्हा मांडीवर घ्यावे, ही विनंती."